वर्गात व्हिडिओ दाखवताय? कॉपीराइटचं एवढं बघून घ्या

नागपूरच्या महाल भागातली जुनी अनुदानित शाळा असो, हिंगणा रोडवरची इंग्रजी माध्यमाची असो की कामठी तालुक्यातली जिल्हा परिषदेची, नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाला स्टाफ रूममध्ये दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला : "शिक्षणासाठी आहे ना, मग काहीही लावा, चालतं." दुसरा : "यूट्यूब लावलं तर केस होते, नकोच ती कटकट." दोन्ही चूक. भारताचा कायदा वर्गाच्या आत शिक्षकाला बराच मोकळा हात देतो आणि वर्गाबाहेर तोच हात आखडता घेतो. नेमका कुठे, ते एकदा समजलं की भीतीही उरत नाही आणि बेफिकिरीही.

लागू होणारा कायदा म्हणजे कॉपीराइट अधिनियम, १९५७. त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. शिक्षकाच्या कामाचं बहुतेक सगळं कलम ५२ मध्ये आहे. कोणत्या गोष्टींना उल्लंघन म्हणायचं नाही याची ती यादी. मुख्याध्यापकांच्या टेबलावर या कलमाची एक छापील प्रत असू द्या, अर्धे वाद तिथेच मिटतात.

सुरुवातीलाच दोन गैरसमज बाजूला काढू. अनेक यूट्यूब चॅनेल व्हिडिओखाली "कॉपीराइट अॅक्ट १९७६, कलम १०७, फेअर यूज" असा परिच्छेद चिकटवतात आणि शाळांची चॅनेलंही तोच उचलतात. तो अमेरिकेचा कायदा आहे. सक्करदऱ्यातल्या शाळेनं तो आपल्या व्हिडिओखाली लिहिला तर त्याचा उपयोग शून्य. दुसरा समज तीस सेकंदांचा : तेवढी क्लिप फुकट वापरता येते म्हणे. काही जण दहा टक्केही सांगतात. आपल्या अधिनियमात व्हिडिओसाठी असा सेकंदांचा किंवा टक्क्यांचा कोणताही आकडा नाही.

१. आधी ठरवा : दाखवणार, प्रत काढणार की पाठवणार?

ही तीन वेगळी कामं आहेत आणि कायदा तिघांकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

दाखवणं म्हणजे मुलांसमोर व्हिडिओ चालवणं. यासाठी कलम ५२ (१) चा 'जे' (j) खंड. प्रत काढणं म्हणजे डाउनलोड, स्क्रीन रेकॉर्डिंग, क्लिप कापून पॉवरपॉइंटमध्ये बसवणं. यासाठी 'आय' (i) खंड. पाठवणं म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवर फाइल टाकणं, शाळेच्या चॅनेलवर अपलोड करणं. यासाठी शिक्षकांना वेगळी सूट जवळपास नाहीच.

गोंधळ होतो तो एका तासात ही तिन्ही कामं नकळत होतात म्हणून. शिक्षक व्हिडिओ डाउनलोड करतात, वर्गात दाखवतात आणि गैरहजर मुलांसाठी तीच फाइल ग्रुपवर टाकतात. पहिलं वादाचं, दुसरं निर्धास्त, तिसरं चुकीचं. पाठ टाचणात व्हिडिओचं नाव लिहिताना शेजारी यांपैकी काय करणार तेवढं लिहायची सवय लावा.

२. समोर कोण बसणार ते पाहा

'जे' खंड असं सांगतो : शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांच्या ओघात चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवलं-ऐकवलं आणि प्रेक्षक त्या संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच असले, तर ते उल्लंघन नाही. 'चित्रपट' या शब्दात कायद्याच्या दृष्टीनं यूट्यूबवरची क्लिप, माहितीपट, अॅनिमेशन सगळं येतं.

इथे 'संस्थेच्या उपक्रमांच्या ओघात' असं म्हटलंय, 'शिकवण्याच्या ओघात' असं नाही. म्हणजे विज्ञानाच्या तासाला पचनसंस्थेचं अॅनिमेशन जसं चालतं, तसंच आनंददायी शनिवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी सगळ्या शाळेला बसवून बालचित्रपट दाखवणंही चालतं. पूर्ण चित्रपट दाखवायलाही अडचण नाही. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, फी लागत नाही.

मग अडचण कुठे येते? प्रेक्षक वाढले की. नागपुरात हमखास घडणारे चार प्रसंग घ्या.

१४ एप्रिल किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त शाळेच्या मैदानावर पडदा लावून बाबासाहेबांवरचा चित्रपट दाखवायचा आणि सगळ्या वस्तीला बोलवायचं. हेतू कितीही चांगला असला तरी वस्तीतले लोक विद्यार्थीही नाहीत आणि पालकही नाहीत. हे सार्वजनिक प्रदर्शन झालं, त्याला निर्मात्याची परवानगी हवी. तोच चित्रपट दुपारी शाळेच्या सभागृहात विद्यार्थी आणि पालकांना दाखवला तर 'जे' खंडात बसतो. तारीख तीच, पडदा तोच, फक्त दारावर कोणाला आत घेतलं यावर सगळं ठरतं.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषद. एका शाळेत दहा शाळांचे शिक्षक जमतात. खंडात 'त्या संस्थेचे' कर्मचारी असं आहे, त्यामुळे इथे पूर्ण चित्रपट टाळा. खुल्या परवान्याचं (मालकानंच वापरायची मोकळीक दिलेलं) किंवा दीक्षा या सरकारी अॅपवरचं साहित्य वापरा. आंतरशालेय स्पर्धांनाही हेच लागू.

स्नेहसंमेलन. विद्यार्थी आणि शिक्षक नाटक करतात, गाणी म्हणतात, रेकॉर्डेड गाण्यावर नाचतात, समोर पालक बसलेले असतात. हे खंडात बसतं. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि प्रमुख पाहुणे 'संबंधित व्यक्ती' म्हणून धरता येतात. पण बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणला की सादर करणारे 'कर्मचारी आणि विद्यार्थी' राहत नाहीत आणि गाण्यांच्या परवान्याचा प्रश्न खरा होतो. संमेलनाच्या आठवडाभर आधी संगीत परवान्याची मागणी करणारं पत्र शाळेत येऊ शकतं. घाबरून पैसे भरू नका आणि पत्र फाडूनही टाकू नका. कार्यक्रमाचं स्वरूप, प्रेक्षक कोण, प्रवेश कसा, हे लिहून 'जे' खंडाचा हवाला देत उत्तर पाठवा.

शिकवणी वर्ग. 'शैक्षणिक संस्था' या शब्दांची व्याख्या अधिनियमात दिलेली नाही. मान्यताप्राप्त शाळेबद्दल कुणी शंका घेणार नाही. नफ्यावर चालणाऱ्या कोचिंग क्लासबद्दल मात्र समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. क्लास चालवत असाल तर या खंडावर भार टाकू नका, खुलं साहित्य किंवा स्वतः बनवलेले व्हिडिओ वापरा.

आणि तिकीट? खंडात शुल्काचा शब्द नाही. तरीही वीस रुपये गोळा करून चित्रपट दाखवला की तो शाळेचा उपक्रम होता हे पटवणं अवघड जातं. पैसे घेऊच नका, प्रोजेक्टरच्या भाड्याच्या नावाखालीही नाही.

जाता जाता वयाचंही पाहा, ते कॉपीराइटच्या बाहेरचं आहे पण तक्रार पालकांकडून हीच आधी येते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. पाचवीच्या वर्गाला १३+ लावू नका.

३. व्हिडिओ कुठून आणला?

दाखवायचा हक्क आहे म्हणून चोरीची प्रत चालते असं नाही. टेलिग्रामवरून उतरवलेला चित्रपट, कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेली फाइल, चित्रपटगृहात मोबाइलवर धरून काढलेलं चित्रण : ती प्रतच बेकायदा आहे, आणि शाळेच्या संगणकावर ती सापडली तर 'जे' खंडाची ढाल पातळ होते.

*यूट्यूब.* इथे एक पेच आहे, तो नीट समजून घ्या. कायदा वर्गात दाखवायला सूट देतो. पण यूट्यूबच्या वापराच्या अटी या तुमच्यातल्या आणि कंपनीतल्या कराराचा भाग आहेत, आणि त्यांत वैयक्तिक, अव्यावसायिक वापर असं म्हटलेलं आहे. डाउनलोडही त्यांनी स्वतः दिलेल्या बटणानेच करायचं. म्हणजे कॉपीराइटचं उल्लंघन नसतानाही कराराच्या अटींचा प्रश्न राहतो. त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग : मूळ निर्मात्याच्या अधिकृत चॅनेलवरूनच, थेट चालवून, डाउनलोड न करता दाखवणं. बेकायदा उतरवणाऱ्या वेबसाइटींना हात लावू नका. तिथल्या फाइलींबरोबर व्हायरसही येतात, हा वेगळाच ताप.

चॅनेल अधिकृत आहे की नाही हे कसं ओळखायचं? 'माहिती' या भागात संस्थेच्या वेबसाइटची लिंक असते का आणि त्या वेबसाइटवरून उलट हाच चॅनेल दिसतो का, हे तपासा. चित्र आरशासारखं उलटं दिसत असेल, आवाज किंचित चढा-बारीक वाटत असेल किंवा चौकटीभोवती रंगीत पट्टी असेल तर ती प्रत यूट्यूबच्या चोरी ओळखणाऱ्या प्रणालीला चकवायला बदललेली असते. सोडून द्या.

तासापूर्वी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. ऑटोप्ले बंद करा, रेस्ट्रिक्टेड मोड चालू करा. नाहीतर प्रकाशसंश्लेषण संपतं आणि पुढे काय सुरू होईल ते सांगता येत नाही.

*ओटीटी.* वर्गणीच्या अटी साधारणपणे घरगुती वापरापुरत्या असतात. नेटफ्लिक्सनं मात्र आपल्या काही माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची परवानगी दिलेली आहे. त्या माहितीपटाच्या पानावर तसं लिहिलेलं असतं. अटी अशा : वर्गणीदाराच्या खात्यातूनच दाखवायचं, नफा नको, तिकीट किंवा देणगी नको. एकाच दिवसात किंवा आठवड्यात पुनःपुन्हा खेळ लावता येत नाहीत. दर सत्रात एकदा दाखवता येतं. त्या पानाचा छापील उतारा तारखेसह जपून ठेवा.

तांत्रिक अडचण इथेच येते. लॅपटॉपवर चित्र दिसतं, प्रोजेक्टरवर फक्त काळा पडदा आणि आवाज. कारण ओटीटीचं चित्र एचडीसीपी नावाच्या कुलुपातून जातं आणि जुन्या प्रोजेक्टरला किंवा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टरला ते उघडता येत नाही. उपाय एकच : एचडीसीपी मानणारा प्रोजेक्टर किंवा टीव्ही आणि थेट एचडीएमआय केबल. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात कुणी "सगळं चालवणारा" स्प्लिटर पुढे केला तर घेऊ नका. उल्लंघनाच्या हेतूनं असं तांत्रिक संरक्षण तोडणं हा २०१२ पासून कलम ६५-ए खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

*डीव्हीडी.* जुनी वाटली तरी शाळेसाठी ही सगळ्यात निर्वेध गोष्ट. विकत घेतलेली मूळ प्रत, 'मी सहमत आहे'वर टिचकी मारून केलेला करार नाही, इंटरनेट नाही. वेष्टनावर 'फक्त घरगुती वापरासाठी' छापलेलं असतं, पण कलम ५२ ची सूट त्या छापील ओळीनं संपत नाही. नव्या लॅपटॉपना डीव्हीडी ड्राइव्ह नसतो, बाहेरून यूएसबीला जोडायचा घ्यावा लागतो.

*टीव्ही.* पीएम ई-विद्या आणि स्वयंप्रभा या सरकारी शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात, महिन्याचा खर्च नाही. कार्यक्रम तुमच्या तासाला जुळला नाही तर? प्रसारणाच्या हक्काबाबत कलम ३९ मध्ये निव्वळ प्रामाणिक अध्यापन किंवा संशोधनासाठी ध्वनिचित्रमुद्रण करायला मुभा आहे. ती प्रसारण करणाऱ्याच्या हक्कापुरती. त्यात दाखवलेल्या चित्रपटाच्या मालकाचा हक्क वेगळा उरतो. शैक्षणिक वाहिनीच्या पाठासाठी बिनधास्त वापरा, मनोरंजन वाहिनीवरचा सिनेमा मुद्रित करून ठेवायला नको.

४. प्रत काढायची असेल तर हात राखून

'आय' खंड शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला 'शिकवण्याच्या ओघात' कृतीची प्रत काढायला परवानगी देतो. प्रश्नपत्रिकेत आणि उत्तरात वापरायलाही. या शब्दांचा अर्थ किती लांब ताणायचा यावर दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ साली दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात निकाल दिला. ऑक्सफर्डसह परदेशी प्रकाशक वादी होते. न्यायालयानं सांगितलं की शिकवणं म्हणजे फक्त वर्गातलं व्याख्यान नव्हे. अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रती त्यात येऊ शकतात.

निकाल शिक्षकांच्या बाजूचा आहे, पण तो पुस्तकांच्या पानांबद्दल होता. व्हिडिओला तो लावताना मी स्वतः अशी मर्यादा पाळायला सांगेन : ज्या पाठाला लागतं तेवढंच कापा, त्या वर्गापुरतंच वापरा, घटक संपला की फाइल पुसा. दोन तासांच्या चित्रपटातली चार मिनिटांची क्लिप इतिहासाच्या पाठात बसवणं सहज पटवता येतं. शाळेच्या सर्व्हरवर दोनशे चित्रपटांचं 'शैक्षणिक ग्रंथालय' उभं करणं पटवता येत नाही.

मूकबधिर विद्यार्थ्यांसाठी चित्रपटाला मराठी उपशीर्षकं जोडायची असतील, अंध विद्यार्थ्यांसाठी दृश्यांचं निवेदन ध्वनिमुद्रित करायचं असेल, तर कलम ५२ चा 'झेडबी' खंड वापरा. अपंग व्यक्तींना कृतीचा उपभोग घेता यावा म्हणून तसं रूपांतर करायला आणि वाटायलाही त्यात मुभा आहे, फक्त नफा न घेता. सर्वसाधारण वर्गासाठी उपशीर्षकं बनवून ती इंटरनेटवर टाकणं हे मात्र भाषांतर आहे, त्याला परवानगी लागते. चालू चित्रपटाखाली शिक्षकानं तोंडी मराठीत सांगत जाणं, यात काहीच अडचण नाही आणि बरेचदा ते उपशीर्षकांपेक्षा बरं जमतं.

५. वर्गाबाहेर पाठवताना थांबा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. साधा नियम : फाइल नको, लिंक द्या. मूळ ठिकाणाची लिंक पाठवली की तुम्ही प्रतही काढत नाही आणि वाटतही नाही. अर्थात चोरीच्या प्रतीची लिंक पाठवून हात झटकता येत नाहीत.

ऑनलाइन तास घेताना नोंदणी असलेल्या विद्यार्थ्यांपुरताच दुवा ठेवला, तर 'जे' खंडातल्या 'अशा प्रेक्षकांपर्यंत पोचवणं' या शब्दांचा आधार मिळतो. त्या तासाचं रेकॉर्डिंग चॅनेलवर टाकलं की आधार गेला. रेकॉर्डिंग ठेवायचंच असेल तर व्हिडिओ दाखवताना रेकॉर्डिंग थांबवा, नंतर पुन्हा सुरू करा आणि वर्णनात लिंक द्या.

स्नेहसंमेलनाचं असंच. सभागृहात नृत्य चाललं म्हणून त्याचं चित्रण अपलोड करायचा हक्क मिळत नाही, कारण मागे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग वाजतंय. यूट्यूब ते आपोआप ओळखतं. 'अनलिस्टेड' केलं तरी ओळखतं. त्यानंतर दोनपैकी एक होतं आणि त्यांतला फरक माहीत असायला हवा :

कंटेंट आयडी दावा : गाण्याचा मालक जाहिरातीचे पैसे घेतो किंवा व्हिडिओ रोखतो. चॅनेलला धोका नसतो.

कॉपीराइट स्ट्राइक : मालकानं रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं, त्यावरचे सगळे व्हिडिओ जातात. शाळेच्या चार वर्षांच्या नोंदी एका चॅनेलवर ठेवू नका, हार्ड डिस्कवर दुसरी प्रत ठेवा.

पालकांना द्यायचंच असेल तर कार्यक्रमाचा आवाज बंद करून यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत लावा. मुलांनी स्वतः गायलेलं लोकगीत, भारुड, ओव्या असतील तर आणखी बरं.

रमण विज्ञान केंद्राच्या सहलीत तारांगणाचा खेळ मोबाइलवर टिपून शाळेच्या पानावर टाकू नका. खेळ दाखवायचा हक्क केंद्राकडे असतो, तुमच्याकडे येत नाही. फोटो आवारातले काढा.

६. मोकळं साहित्य आधी शोधा

व्हिडिओ शोधताना पहिली भेट इथे द्यावी. वरची निम्मी डोकेदुखी उद्भवतच नाही.

दीक्षा अॅप आणि संकेतस्थळ : पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की व्हिडिओ उघडतो. अॅपमध्येच उतरवून ठेवता येतो, त्यामुळे नेट नसलेल्या रामटेक किंवा उमरेडकडच्या शाळेत रात्री घरी उतरवलेला पाठ सकाळी चालतो. प्रत्येक साहित्याच्या तपशिलात परवाना लिहिलेला असतो. एनसीईआरटीचं एनआरओईआर हे खुल्या शैक्षणिक साहित्याचं भांडार, विकिमीडिया कॉमन्स आणि नासाची चित्रफीत याही चांगल्या जागा. नासाचं साहित्य सर्वसाधारणपणे कॉपीराइटमुक्त असतं, पण त्यातलं संगीत किंवा इतरांचे फोटो वेगळे असू शकतात, आणि बोधचिन्ह सजावटीला वापरायचं नसतं.

यूट्यूबवर शोधल्यावर फिल्टरमध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' हा खुला परवाना निवडता येतो. सापळा असा की दुसऱ्याचा व्हिडिओ चढवणाराही तो शिक्का मारू शकतो. मालक खरा आहे का ते पाहूनच विश्वास ठेवा.

परवान्यातली अक्षरं : 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या. 'एसए' म्हणजे बदल करून वाटलंत तर तोच परवाना लावा. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. 'एनडी' म्हणजे बदललेली प्रत वाटू नका. अशा व्हिडिओची कापलेली क्लिप चॅनेलवर टाकता येत नाही. श्रेय चार गोष्टींचं : शीर्षक, निर्माता, कुठे मिळालं, कोणता परवाना. शेवटच्या स्लाइडवर एक ओळ पुरते.

सरकारी म्हणजे फुकट, हाही एक समज. भारत सरकारच्या कृतींवर प्रकाशनानंतर साठ वर्षं सरकारचाच हक्क असतो. राजपत्र, कायद्यांचा मजकूर अशा ठरावीक गोष्टींना सूट आहे, माहितीपटांना सरसकट नाही.

जुन्या चित्रपटांचा हिशेब सोपा आहे : प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं. १९६५ सालचा चित्रपट ३१ डिसेंबर २०२५ ला मोकळा झाला. पण चित्रपटाची मुदत आणि त्यातल्या लेखनाची मुदत वेगवेगळी धावते. 'श्यामची आई' घ्या. चित्रपट १९५३ चा, त्याची मुदत २०१३ अखेर संपली. साने गुरुजी १९५० साली गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं या नियमानं मूळ पुस्तकही २०११ पासून मोकळं. चित्रपटाचे लेखक-दिग्दर्शक आचार्य अत्रे मात्र १९६९ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. आणि त्याच कथेवर २०२३ साली आलेल्या नव्या चित्रपटाला यातलं काहीच लागू नाही. वर्गात दाखवायला हा हिशेब लागत नाही, अपलोड करताना किंवा वस्तीत पडदा लावताना लागतो.

७. परवानगी मागायची तर कोणाकडे, कशी

कायद्यानं चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. दिग्दर्शक ओळखीचा आहे, त्यानं फोनवर "लावा हो" म्हटलं, याला अर्थ नाही. निर्मात्यानं हक्क पुढे विकलेले असू शकतात, म्हणून पत्रात तेही विचारा. यूट्यूब चॅनेलच्या बाबतीत व्हिडिओ स्वतः बनवलाय का, हे आधी विचारा.

परवाना लेखी हवा. २०१२ नंतर सहीची अट उरली नाही, त्यामुळे ईमेलवरचं स्पष्ट उत्तर चालतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. कार्यक्रमाच्या किमान महिनाभर आधी, मुख्याध्यापकांच्या सहीनं, शाळेच्या लेटरहेडवर पाठवा. मजकूर एवढाच पुरे :

"महोदय, आमच्या शाळेत दि. … रोजी … वाजता शाळेच्या मैदानावर आपला … हा चित्रपट एकदा दाखवण्याचा मानस आहे. प्रेक्षक : विद्यार्थी, पालक व परिसरातील नागरिक, अंदाजे … जण. प्रवेश विनामूल्य, जाहिरात किंवा प्रायोजक नाही. चित्रपटाची अधिकृत प्रत शाळेकडे आहे / आपल्याकडून मिळावी. चित्रीकरण अथवा थेट प्रसारण केले जाणार नाही. या प्रदर्शनाचे हक्क आपल्याकडे आहेत काय, आणि परवानगी व शुल्क काय, हे कृपया कळवावे."

उत्तर आलं नाही तर ती संमती नव्हे. कार्यक्रम आत घ्या, विद्यार्थी-पालकांपुरता करा.

८. जवळ काय काय ठेवायचं

साधी दोनशे पानी वही पुरते. रकाने : तारीख, इयत्ता व तुकडी, विषय व घटक, व्हिडिओचं नाव, स्रोत किंवा लिंक, कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंत, दाखवला की प्रत काढली, परवाना, शिक्षकाची सही. त्यासोबत एका फाइलमध्ये :

- कलम ५२ ची छापील प्रत
- डीव्हीडी खरेदीची बिलं
- खुल्या परवान्याच्या पानांचे तारीख दिसणारे स्क्रीनशॉट (निर्माते नंतर परवाना बदलतात)
- परवानगीचे ईमेल
- पालकांसाठीच्या कार्यक्रमाचं निमंत्रण, त्यावर 'फक्त विद्यार्थी व पालकांसाठी' छापलेलं

यादीतलं शेवटचं, म्हणजे निमंत्रण, लोक हमखास विसरतात. प्रेक्षक कोण होते याचा तोच कागदी पुरावा.

९. तक्रार आलीच तर

वर्गात दाखवल्याबद्दल तक्रार येण्याची शक्यता कमी, अपलोडबद्दल जास्त. पहिल्यांदा व्हिडिओ 'खासगी' करा, पुसू नका. काय टाकलं होतं हे दाखवायला लागतं. मग तक्रार कोणाची ते पाहा. "आजच अमुक रक्कम भरा, नाहीतर अटक" असा व्हॉट्सअॅप संदेश आला तर बहुधा फसवणूक असते. खरा मालक कृतीचं नाव, हक्काचा आधार आणि पत्ता देतो.

यूट्यूबवर तुमची बाजू खरी असेल, म्हणजे संगीत मुलांनीच वाजवलंय किंवा परवाना हातात आहे, तर हरकत नोंदवा. शंका असेल तर नोंदवू नका, कारण त्यापुढची पायरी न्यायालयाची असते.

शिक्षेचं प्रमाण माहीत असावं. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली स्पष्ट केलंय, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात. दिवाणी दावा नागपूरच्याच जिल्हा न्यायालयात लागेल असंही धरून चालू नका; कलम ६२ मुळे मालक आपला व्यवसाय असलेल्या ठिकाणीही दावा लावू शकतो, आणि मुंबईच्या तारखांना मुख्याध्यापकांनी जायचं म्हटलं की शाळेचं वेळापत्रक कोलमडतं.

म्हणून नोटीस वकिलाकडून असेल तर संस्थेच्या सचिवांना त्याच दिवशी कळवा, जिल्हा परिषद किंवा महानगरपालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाला लेखी. उत्तर शिक्षकानं स्वतःच्या नावानं देऊ नये, संस्थेच्या नावानं जावं. त्यात वहीतल्या नोंदीचा आधार घेत चारच गोष्टी असाव्यात : काय दाखवलं, कोणाला, कुठल्या स्रोतावरून आणि कलम ५२ चा कोणता खंड लागू आहे. अपलोड झालंच असेल तर ते कधी बंद केलं ती वेळही लिहा.